अकरा ओळी

लुंबिनीने तिसऱ्यांदा एंटर दाबलं, आणि तिसऱ्यांदा तेच अकरा लाल शेरे पडद्यावर उमटले. पालक सापडला नाही. पालक सापडला नाही. एकाखाली एक, अकरा वेळा. पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्याच स्क्रिप्टमध्ये गफलत असेल. दुसऱ्यांदा वाटलं, फाइल तपासणारा प्रोग्रॅमच कच्चा असेल. तिसऱ्यांदा मात्र तिने बाटलीतलं पाणी घोटभर प्यायलं, वहीचं कोरं पान उघडलं आणि त्या अकरा ओळींचे क्रमांक हाताने उतरवून काढले. एम.एस्सी.ला असताना प्रयोगाचा आकडा जुळला नाही की ती हेच करायची. यंत्रावर पाहिलेला आकडा नुसता दिसतो. हाताने लिहिला की त्याच्याकडे नीट बघावं लागतं.

काम तसं सरळ होतं. नोएडातल्या या पाणी-तपासणी संस्थेच्या नेटवर्कमध्ये एक डिरेक्टरी होती. कोण कुठल्या विभागात, कोण कुणाच्या हाताखाली, हे सगळं तिच्यात उलट्या टांगलेल्या झाडासारखं मांडलेलं होतं. वर संचालक, खाली विभाग, विभागांखाली माणसं. पुढच्या महिन्यात संस्था नव्या सिस्टिमवर जायची होती आणि जुना सर्व्हर कायमचा बंद व्हायचा होता. नव्या सिस्टिमला झाड चालत नव्हतं. तिला सपाट फाइल हवी होती. एका माणसाला एक ओळ. ओळीत क्रमांक, नाव, हुद्दा, विभाग आणि शेवटच्या रकान्यात वरिष्ठाचा क्रमांक. तो शेवटचा रकाना शाबूत असला की सपाट फाइलमधून आख्खं झाड पुन्हा उभं करता येतं, हे लुंबिनीने पहिल्याच दिवशी कागदावर करून बघितलं होतं. तिला त्याची गंमत वाटली होती. झाड आडवं पाडूनही काही हरवत नाही. हरवायचंच असेल तर कुणीतरी मुद्दाम तो रकाना खोडावा लागतो.

एजन्सीमार्फत घेतलेल्या माणसांच्या ओळी फाइलमध्ये घ्यायच्या नाहीत, अशी प्रशासनाची लेखी सूचना होती. तिने त्या गाळल्या. गाळलेल्यांत तिची स्वतःचीही ओळ होती, कारण सात महिन्यांपूर्वी तीही एका एजन्सीच्याच कागदावर इथे लागली होती. त्याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. पण गाळलेल्या ओळींपैकी एका ओळीवर अकरा कायम कर्मचारी लोंबकळत होते. त्यांतले दोघे तर चक्क शास्त्रज्ञ होते. ती ओळ काढली आणि अकरा जणांना वर कुणी, प्रोग्रॅमच्या भाषेत पालक, उरलं नाही.

तिने ती ओळ परत शोधून काढली. क्रमांक ३०७. शीला वासनिक, प्रयोगशाळा सहायक, एजन्सीमार्फत.

लुंबिनी वही घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेली.

शीलाताई ब्युरेटसमोर उभ्या होत्या. थेंब पडत होते आणि त्या फ्लास्क गोल गोल हलवत होत्या. लुंबिनी दारातच थांबली. रंग बदलण्याच्या क्षणी कुणाशी बोलायचं नसतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. लाल द्रव एकाएकी निळा झाला, शीलाताईंनी तोटी बंद केली, आकडा लिहिला आणि मग चष्म्यावरून वर पाहिलं.

दोघींची ओळख पहिल्याच आठवड्यातली. लुंबिनीच्या गळ्यातल्या कार्डावरचं नाव वाचून शीलाताईंनी लिफ्टमध्ये हळूच जय भीम घातला होता आणि मग वडील कुठले, आई कुठली, अशी चौकशी पाचव्या मजल्यापर्यंत पुरली होती. लुंबिनीचे वडील संघपाल अकोल्याहून दिल्लीत नोकरीला आले. ती इथेच वाढली, पहाडगंजच्या मराठी शाळेत पाचवीपर्यंत शिकली. शीलाताई भंडाऱ्याच्या. वय एकोणपन्नास. या प्रयोगशाळेत चौदा वर्षं. तेव्हापासून बुधवारी डबा एकत्र.

"ताई, तुमच्या हाताखाली अकरा माणसं आहेत," लुंबिनी म्हणाली.

"माझ्या हाताखाली हे बेसिन आहे," शीलाताई म्हणाल्या आणि फ्लास्क त्यात उपडा केला.

लुंबिनीने वही पुढे धरली. शीलाताईंनी अकरा क्रमांक वाचले, शेजारची नावं वाचली, आणि त्यांना आश्चर्य काही वाटलं नाही. हात पुसत पुसत त्यांनी सगळं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी विभागप्रमुख डॉ. विनय माथुर सदा कुठल्या ना कुठल्या परिषदेला गेलेले असत आणि रजेचे अर्ज यायचे ते पोर्टल उघडून बघत नसत. एका तंत्रज्ञाचा रजेचा अर्ज त्यांच्याकडे चौदा दिवस पडून राहिला. तो बिचारा वडिलांना अग्नी देऊन परत आला, तर हजेरीत गैरहजर. फार आरडाओरड झाली. तेव्हा कॉम्प्युटर विभागात गुलाबराव म्हणून होते. विनय सरांनी त्यांना फोन केला, की चार दिवस सगळ्यांचे अर्ज शीलाकडे वळवा, ती जागेवर असते. गुलाबरावांनी डिरेक्टरीत अकरा जणांच्या वरिष्ठाच्या जागी शीला वासनिक हे नाव घातलं. ते चार दिवस अजून चालू होते. रजा, रविवारची ड्युटी, यमुनेचे नमुने कुणी आणायचे आणि हिंडनचे कुणी, नव्या माणसाला यंत्र कुणी शिकवायचं, सगळ्यांवर शीलाताईंची मंजुरी. मधल्या काळात गुलाबराव निवृत्त झाले, एजन्स्या तीन बदलल्या. शीलाताईंचा हुद्दा सहायकाचा सहायकच राहिला.

हे चाललेलं असतानाच शास्त्रज्ञ रुचिता दारातून डोकावली. वयाने शीलाताईंहून पंधरा वर्षांनी लहान, नोकरी पक्की.

"शीलाजी, मैंने छुट्टी डाल दी है, देख लेना."

"देख लूँगी. शुक्रवार का सैंपल किसको देकर जा रही हो?"

रुचिताने नाव सांगितलं, शीलाताईंनी मान हलवली, आणि ती गेली. लुंबिनी दाराकडे बघत राहिली.

"ताई, मग हे सगळं आहे की लिहिलेलं. तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

शीलाताईंनी ड्रॉवर उघडला. रसायनांच्या यादीखाली एक फाइल होती. एजन्सीचा करार तीस तारखेला संपत होता. नवी एजन्सी पंचेचाळीस वर्षांवरच्या कुणालाही घेणार नव्हती. म्हणून शीलाताईंनी सहा महिन्यांपूर्वी कामगार कार्यालयात अर्ज केला होता, की मी इथे नऊ वर्षं पर्यवेक्षकाचं काम करते आहे, मला तसं मानावं आणि काढू नये. पुढच्या महिन्यात सुनावणी होती. संस्थेने अर्जाला उत्तर दिलं होतं. शीलाताईंनी बोट ठेवलं ती ओळ लुंबिनीने दोनदा वाचली. श्रीमती वासनिक यांच्याकडे पर्यवेक्षणाची कोणतीही जबाबदारी कधीही नव्हती.

कधीही. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. विज्ञानाच्या पोरीला हा शब्द सहसा वापरायला मिळत नाही. कधीही म्हणायला हजार वेळा तपासावं लागतं, आणि इथे कुणीतरी एअर कंडिशनरखाली बसून, खालच्या मजल्यावर एक चक्कर न मारता, तो लिहून मोकळा झाला होता.

"त्यांना डिरेक्टरी दाखवली का?"

"वकीलबाईंनी पोर्टलचं पान जोडलं होतं. संस्थावाले म्हणाले, कॉम्प्युटरची चूक."

"नऊ वर्षं चूक?"

"चुकीला वयाची अट नसते, बेटा," शीलाताई म्हणाल्या. "ती आम्हाला असते."

त्यांनी फाइल परत ड्रॉवरमध्ये सरकवली आणि पुढचा नमुना घेतला.

यशोधन सरांच्या केबिनमध्ये हवा शुद्ध करणारं यंत्र मंद घुमत होतं. बाहेर नोव्हेंबरची राखाडी हवा काचेला टेकलेली. सर कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. मूळ पुण्याचे, दिल्लीत अठरा वर्षं. मराठी माणूस भेटला की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. लुंबिनीला त्यांनीच निवडलं होतं, आणि काम शिकवताना आवाज कधी चढवला नव्हता. म्हणूनच तिला वाटलं, नीट मांडलं तर त्यांना पटेल.

तिने मांडलं. अकरा ओळी, एक क्रमांक, नऊ वर्षं. फाइल पूर्ण व्हायची तर ३०७ ची ओळ फाइलमध्ये घ्यावी लागेल, म्हणाली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चहाचा कप बशीत फिरवला.

"एजन्सीची माणसं घ्यायची नाहीत असं ठरलंय ना? मग अकरा जणांचा वरिष्ठ बदल. विनय माथुर टाक. तसेही तेच प्रमुख आहेत."

"पण सर, ते खरं नाहीये."

"लुंबिनी, ही सपाट फाइल आहे. हिच्यात कुणी कुणाच्या वर नसतं की खाली नसतं. सगळे एका ओळीत." आणि आपल्याच कोटीवर ते थोडंसं हसले.

"रकाना असतो, सर. शेवटचा."

हसू कपाच्या कडेशी थांबलं. सर म्हणाले, हे बघ, शीलाबाईंबद्दल मला आदरच आहे. त्यांच्या हातचं थालीपीठ मी खाल्लेलं आहे. पण गुलाबरावांनी एक सोय केली होती, ती सोय होती, तिला अधिकार म्हणायचं कारण नाही. आणि त्यांची केस चालू आहे, तिच्यात आपण तांत्रिक माणसांनी पडायचं नाही. लुंबिनीला म्हणावंसं वाटलं, की पडायचं नाही म्हणजे रकाना आहे तसा ठेवायचा. बदलायचा म्हणजे पडायचंच झालं. वाक्य तिने ओठांपर्यंत आणलं. मग गळ्यातल्या कार्डावरच्या एजन्सीच्या नावाकडे तिची नजर गेली आणि ते वाक्य तिथेच राहिलं. त्या राहिलेल्या वाक्याची तिला सरांपेक्षा जास्त चीड आली.

"मग फाइलमध्येच बदलू का?" तिने विचारलं.

सर दचकले. "छे. फाइल डिरेक्टरीशी ताडून बघतात. मला खोटी फाइल नकोय. आधी डिरेक्टरीत बदल कर, मग तिथून फाइल काढ. म्हणजे सगळं स्वच्छ."

मूळच खोटं केलं की नक्कल खरी. लुंबिनीने वही मिटली.

डिरेक्टरीतला वरिष्ठाचा रकाना मात्र आता गुलाबरावांच्या काळासारखा हाताने बदलता येत नव्हता. दोन वर्षांपूर्वी ऑडिटने त्याला कुलूप घातलं होतं. बदल हवा असेल तर अधिकाऱ्याने पोर्टलवर विनंती टाकायची. ती मंजूर झाली की डिरेक्टरी आपोआप बदलायची. सरांनी आपलं लॉगिन उघडून दिलं, तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि ते खिडकीपाशी फोनवर बोलत उभे राहिले. करोल बागेतल्या एका हॉलचं बुकिंग चाललं होतं. मंडळाचा कार्यक्रम होता, जेवण बाहेरून मागवायचं की आचारी आणायचा यावर घोळ होता.

लुंबिनीने अकरा विनंत्या भरल्या. नाव, क्रमांक, नवा वरिष्ठ. प्रत्येक वेळी बोटं कीबोर्डवर जरा जोरात आपटत होती. शेवटी पोर्टलने सगळ्यांचा एकत्र गोषवारा दाखवला आणि खाली पाठवा असं बटण आलं. ती नेहमीसारखी गोषवारा वरून खाली वाचत गेली. कुणीच तो वाचत नसे, पण तिला वाचल्याशिवाय काही पाठवता येत नसे.

विनंती करणारे अधिकारी: यशोधन गोखले. सध्याचे वरिष्ठ: शीला वासनिक. प्रस्तावित वरिष्ठ: डॉ. विनय माथुर. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत: हा बदल सध्याच्या वरिष्ठांच्या मंजुरीनंतरच अमलात येईल.

तिचा हात माऊसवरून उचलला गेला. तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग खुर्ची वळवून ती सरांकडे बघत राहिली, त्यांचं आचाऱ्याबद्दलचं वाक्य संपेपर्यंत.

"सर, पाठवायच्या आधी एकदा वाचून बघता?"

सरांनी फोनवर हात ठेवला. "अकराच्या अकरा आहेत ना?"

"हो."

"मग पाठव."

तिने पाठवलं.

ती जिना उतरून प्रयोगशाळेत आली. शीलाताई तिथल्या एकुलत्या कॉम्प्युटरसमोर आधीच बसलेल्या होत्या. चष्मा नाकावर, चेहरा पडद्याजवळ.

"हे मला कशाला आलंय?" त्यांनी विचारलं.

लुंबिनीने सांगितलं. भरभर सांगितलं, म्हणून दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाली, "नामंजूर करा, ताई. अकराच्या अकरा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय त्यांना काही करता येणार नाही."

शीलाताईंनी पहिली विनंती उघडली आणि पूर्ण वाचली, वरपासून खालच्या बारीक अक्षरांपर्यंत. विनंती करणारे अधिकारी हे शब्द वाचताना ओठ किंचित हलले. सध्याचे वरिष्ठ इथे बोट पडद्यावर टेकलं आणि जरा वेळ तिथेच राहिलं. मग त्यांनी प्रिंट काढली. ओव्हनशेजारचा जुना प्रिंटर खरखरत जागा झाला. दुसरी विनंती, दुसरी प्रिंट. असे अकरा कागद निघाले. शीलाताईंनी ते टेबलावर आपटून एकसारखे केले, आणि पडद्यावर मंजूर हे बटण दाबलं.

"ताई, काय करताय?"

दुसरं दाबलं.

"ताई, थांबा. यार, तुम्ही स्वतःच स्वतःला काढताय. आता डिरेक्टरीत तुमचं नाव कुठेच राहणार नाही. सर्व्हर बंद झाला की संपलंच सगळं." तिचा आवाज चढला होता. इतका वेळ जो राग वरच्या मजल्यावर काढता आला नव्हता, तो इथे, चुकीच्या माणसावर निघत होता, आणि हे कळूनही तिला थांबवता येत नव्हतं. "नऊ वर्षं तुम्ही फुकट राबलात आणि ते लोक म्हणतात चूक. आणि तुम्ही त्यांना मंजुरी देताय?"

शीलाताईंनी खुर्ची वळवली. शेजारचं स्टूल पायाने पुढे ढकललं. लुंबिनी बसली नाही.

"नामंजूर केलं तर काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"कॉम्प्युटरची चूक, म्हणतील. चुकून तिच्याकडे गेली विनंती. दुसऱ्या रस्त्याने करतील." त्यांचा आवाज नमुन्यांची पाळी सांगतानाचाच होता. "पण मी मंजूर केलं, आणि त्यांनी ते घेतलं, तर सांग मला, कुणाच्या मंजुरीवर घेतलं?"

लुंबिनीने टेबलावरच्या अकरा कागदांकडे पाहिलं. मग स्टूल ओढून बसली.

उरलेल्या नऊ विनंत्या शीलाताईंनी घाई न करता हातावेगळ्या केल्या. प्रत्येक नाव वाचून, नेहमी रजेचे अर्ज वाचत तसं. रुचिताच्या नावाशी थांबून म्हणाल्या, हिची रजा आधी मंजूर करते, नाहीतर विनय सरांकडे जाऊन पडायची. ती केली, मग तिचीही विनंती मंजूर केली.

दुपारी तीनला लुंबिनीने फाइल पुन्हा काढली. यावेळी एकही लाल शेरा आला नाही. तपासणीच्या प्रोग्रॅमने हिरवी खूण दाखवली आणि एक छापील प्रमाणपत्र बाहेर टाकलं, ज्यावर विभागप्रमुखाची सही आणि शिक्का लागत होता. ती ते घेऊन केबिनमध्ये गेली. सरांचं हॉलचं काम झालेलं दिसत होतं. चेहरा मोकळा होता.

"झालं ना? बघ, उगाच डोक्याला ताप करून घेतलास," ते प्रेमानेच म्हणाले आणि खिशातलं पेन काढलं.

प्रमाणपत्र पाच ओळींचं होतं. फाइलमधील ओळींची संख्या, तारीख, वेळ. चौथी ओळ अशी होती: फाइल काढण्यापूर्वी डिरेक्टरीत केलेले सर्व बदल संबंधित वरिष्ठांच्या मंजुरीने व त्यांच्या अधिकारात करण्यात आले असून, ते आम्हांस मान्य आहेत.

लुंबिनी टेबलासमोर सरळ उभी राहिली. या खेपेला तिने वाचायला सांगितलं नाही.

सरांनी सही केली, खाली तारीख घातली, शिक्का उमटवला आणि शाई वाळावी म्हणून कागदावर हलकी फुंकर घातली.

तळमजल्यावर झेरॉक्स मशीनपाशी प्रशासनातली सृष्टी बसली होती. लुंबिनीने कागद दिला आणि दोन प्रती मागितल्या.

"एक तो फाइल में लगेगी," सृष्टी झाकण उघडत म्हणाली. "दूसरी किसके लिए?"

"जिनकी मंजूरी है, उनके लिए."

सृष्टीने विशेष लक्ष दिलं नाही. मशीनखालून उजेड सरकत गेला, पुन्हा सरकत गेला. लुंबिनीने कोमट प्रत हातात घेतली, शिक्का नीट उमटलाय ना ते पाहिलं, आणि ती जिन्याने वर, दुसऱ्या मजल्याकडे निघाली.